अंदमानला जाताना सामान कसे बांधावे?

अंदमान म्हटले की मराठी माणसाला प्रथम सेल्युलर जेल आठवते. सावरकर बंधूंनी जेथे काळ्या पाण्याची शिक्षा भोगली, ते हे कारागृह १९०६ साली बांधून पूर्ण झाले आणि १९७९ साली राष्ट्रीय स्मारक म्हणून घोषित झाले. त्याच्या दर्शनाच्या ओढीने अंदमानला जाणारी मराठी कुटुंबे आता तेवढ्यावरच परतत नाहीत. हॅवलॉकचा राधानगर किनारा, नील बेटाचा उथळ निळा समुद्र, पाण्याखालची प्रवाळांची दुनिया हे सारे पाहून, सहा-सात दिवस राहूनच ती माघारी येतात. राधानगरला 'टाइम' नियतकालिकाने २००४ साली आशियातील सर्वोत्तम किनारा ठरवले, तेव्हापासून तर हा ओघ वाढतच गेला.

मात्र महाबळेश्वर, उटी किंवा मनालीला जाताना सामान बांधण्याची जी सवय हाताला लागलेली असते, ती येथे कामास येत नाही. डोंगरावरच्या गावात एखादी वस्तू विसरली तर बाजारपेठेत ती मिळते. बेटावर दुकान आणि आपण यांच्यामध्ये समुद्र असतो आणि तो नेहमी शांत असतोच असे नाही. डिसेंबर २०१६ मध्ये बंगालच्या उपसागरातील वादळी हवामानामुळे बोटींची ये-जा बंद पडली, तेव्हा हॅवलॉक व नील या बेटांवर शेकडो पर्यटक अडकून पडले होते आणि त्यांच्या सुटकेसाठी नौदलाची जहाजे पाठवावी लागली. अशा वेळी बॅगेत किती पोशाख आहेत, याला काही महत्त्व राहत नाही. रक्तदाबाच्या गोळ्या, बाळाचे दूध, खिशातील रोकड आणि भरलेली बॅटरी यांनाच महत्त्व येते.

म्हणून अंदमानचे सामान बांधताना प्रत्येक वस्तूला एकच प्रश्न विचारावा: शेवटची बोट गेल्यानंतर ही वस्तू लागली, तर ती मिळेल का? जी मिळणार नाही आणि जिच्यावाचून चालणार नाही, ती आधी भरावी. जी पोर्ट ब्लेअरच्या बाजारात सहज मिळते, तिचे ओझे घरून वाहून नेऊ नये. हे पथ्य पाळले तर बॅग हलकीही होते आणि उपयोगाचीही होते.

अंतराचा हिशेब

प्रथम नावांविषयी. पोर्ट ब्लेअरचे नाव सप्टेंबर २०२४ मध्ये 'श्री विजयपुरम' झाले. त्यापूर्वी डिसेंबर २०१८ मध्ये हॅवलॉकला 'स्वराज द्वीप', नीलला 'शहीद द्वीप' आणि रॉस बेटाला 'नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप' अशी नावे देण्यात आली. तिकिटांवर व फलकांवर दोन्ही नावे भेटतात, तेव्हा गोंधळून जाऊ नये. या लेखात वाचकांच्या परिचयाची जुनी नावेच वापरली आहेत.

चेन्नईपासून पोर्ट ब्लेअर समुद्रमार्गे सुमारे १,१९० किलोमीटर, तर कोलकात्यापासून सुमारे १,२५५ किलोमीटर दूर आहे. शहर मोठे आहे. अबर्डीन बाजारात कपडे, चपला, टोप्या, साबण, नेहमीची औषधे, खाऊ असे सर्व काही मिळते. तेथून बोटीने दीड-दोन तासांवर हॅवलॉक आणि नील. तेथे दुकाने आहेत. परंतु निवड थोडी आणि भाव अर्थातच चढा, कारण प्रत्येक वस्तू समुद्र ओलांडून आलेली असते. त्याहून दूर, लाँग आयलंड वा उत्तरेकडील डिगलीपूरच्या वाटेला जाणाऱ्याने विशिष्ट औषध, चष्मा किंवा कॅमेऱ्याची बॅटरी मिळेल, अशी आशा धरू नये.

यावरून सामानाची सरळ विभागणी होते. छत्री, रबरी चपला, टोपी, टॉवेल या वस्तू विसरल्या तरी हरकत नाही. स्वतःची औषधे, चष्म्याची दुसरी जोडी, बाळाचे नेहमीचे दूध, सवयीचे सनस्क्रीन आणि ओळखपत्र या वस्तू मात्र कोणत्याही परिस्थितीत घरूनच न्याव्यात.

ऋतू पाहून बॅग भरावी

अंदमानात वर्षाला सरासरी सुमारे ३,००० मि.मी. पाऊस पडतो आणि तो दोन हप्त्यांत येतो. मे ते सप्टेंबर नैर्ऋत्य मोसमी वारे, आणि त्यापाठोपाठ ऑक्टोबर ते डिसेंबर ईशान्य मोसमी वारे. जानेवारी ते एप्रिल हा काळ सर्वांत कोरडा व समुद्र शांत असण्याचा.

महाराष्ट्रातील कुटुंबांच्या दृष्टीने यात एक मेख आहे. आपल्या मुलांच्या सुट्ट्या मे महिन्यात आणि दिवाळीत असतात. मुंबईत मोसमी पाऊस जूनच्या दुसऱ्या आठवड्यात येतो, अंदमानात तो मेच्या तिसऱ्या आठवड्यातच दाखल होतो. म्हणजे मेअखेरीस जाणारे कुटुंब उन्हाळी सहलीचे सामान घेऊन थेट पावसाळ्यात उतरते. दिवाळीतही ईशान्य मोसमी पावसाची आणि बंगालच्या उपसागरातील चक्रीवादळांची शक्यता असते. या दोन्ही काळात रेनकोट, लवकर वाळणारे कपडे आणि परतीच्या विमानापूर्वी पोर्ट ब्लेअरमध्ये एक मोकळा दिवस ही तिन्ही घ्यावीत. वाऱ्यात छत्री उलटते, म्हणून साधा डोक्यावरून घालायचा रेनकोट अधिक बरा.

थंडीचा प्रश्न येथे नाही. वर्षभर तापमान साधारण २३ ते ३१ अंशांच्या दरम्यान असते. स्वेटर न्यायचाच तर विमानातील व वातानुकूलित बोटीतील गारव्यासाठी एखादा पातळ पुरेल.

बॅग कशी असावी

देशांतर्गत विमानात साधारणतः १५ किलो सामान आणि हाताशी ७ किलोची पिशवी नेता येते; तिकिटावरची मर्यादा पाहून घ्यावी. परंतु खरी परीक्षा विमानात होत नाही, ती बोटीच्या धक्क्यावर होते. हेलकावणाऱ्या बोटीवर अरुंद फळीवरून चढताना मोठी चाकांची बॅग गळ्यातील धोंड ठरते. वाळूत चाके चालत नाहीत. चौघांच्या कुटुंबाने दोन अवजड बॅगांऐवजी प्रत्येकाला स्वतः उचलता येईल अशी मऊ, पाठीवरची किंवा खांद्यावरची बॅग घ्यावी.

बॅगेच्या आत कपडे जाड प्लॅस्टिकच्या किंवा जलरोधक पिशव्यांत भरावेत. बोटीच्या डेकवर ठेवलेल्या सामानावर लाटेचे तुषार येतात, आणि पाऊस आला तर विचारायलाच नको. पंधरा-वीस लिटरची, तोंड गुंडाळून बंद होणारी एक 'ड्राय बॅग' घेतली तर फोन, कॅमेरा, पाकीट यांची चिंता मिटते. ही वस्तू मात्र घरी बादलीभर पाण्यात बुडवून तपासल्याखेरीज तिच्यावर विसंबू नये.

मुंबई-पुण्याहून जाताना अनेकदा चेन्नई, कोलकाता वा बेंगळुरूला विमान बदलावे लागते. सामान मागे राहिले तर पहिले दोन दिवस वाया जाऊ नयेत, म्हणून सर्व औषधे, कागदपत्रे, एक जोडी कपडे आणि पोहण्याचा पोशाख हातातील पिशवीतच ठेवावा.

कपडे: थोडे आणि सुटसुटीत

सहा दिवसांच्या सहलीस चार अंगरखे, दोन हलक्या पँट वा सलवारी, दोन पोहण्याचे पोशाख आणि एक बरा पोशाख इतके पुरेसे आहे. दमट हवेत जाड सुती कपडा वाळत नाही. जीन्स एकदा भिजली की दोन-दोन दिवस ओली राहते आणि बॅगेचे वजन तेवढे वाढवते. पातळ सुती, लिनन किंवा लवकर वाळणारे कृत्रिम धाग्याचे कपडे घ्यावेत. टॉवेलऐवजी आपला पंचा घ्यावा. अंग पुसायला, वाळूवर अंथरायला, उन्हात डोक्याला गुंडाळायला आणि तासाभरात वाळायला त्याच्यासारखे वस्त्र नाही.

समुद्राच्या पाण्याने भिजलेला कपडा तसाच वाळवला तर त्यातील मीठ हवेतील ओलावा ओढून घेते आणि कपडा चिकट राहतो. म्हणून तो गोड्या पाण्यातून काढावा लागतो. बेटांवर गोडे पाणी मुख्यतः पावसाचे आणि जपून वापरण्याचे असते. तेव्हा एका बादलीत काम उरकावे. साबणाची वडी, पाच मीटर नायलॉनची दोरी आणि सात-आठ चिमटे बरोबर असतील तर चार कपड्यांत सहल होते.

पोहण्याच्या पोशाखाविषयी आपल्याकडे संकोच असतो आणि त्यापायी अनेकजणी सलवार-कमीज किंवा साडीनिशी पाण्यात उतरतात. हे धोक्याचे आहे. भिजलेले सैल कपडे जड होतात आणि लाटेत पायांभोवती गुंडाळतात. पूर्ण बाह्यांचा, अंगाला बसणारा पोहण्याचा अंगरखा आणि घोट्यापर्यंतची तुमान आता सर्वत्र मिळते. त्यात संकोचही सुटतो, ऊनही लागत नाही आणि प्रवाळाने खरचटण्याची भीतीही कमी होते.

सेल्युलर जेलसाठी कपडे साधे व शालीन असावेत. हे स्मारक आहे, किनारा नाही, याचे भान पोशाखातही दिसावे. तेथील ध्वनिप्रकाश कार्यक्रम उघड्या अंगणात होतो. त्यासाठी पूर्ण बाह्यांचे कपडे व डासांचे मलम बरोबर ठेवावे.

पायांत काय घालावे

अंदमानचे सर्वच किनारे मऊ वाळूचे नाहीत. नीलवर आणि हॅवलॉकच्या पूर्व बाजूस ओहोटीला पाणी दूरवर ओसरते आणि मृत प्रवाळांचे धारदार तुकडे उघडे पडतात. अनवाणी पावलांना होणारी जखम ही या सहलीतील नित्याची दुखापत आहे, आणि एकदा पाय कापला की उरलेले दिवस पाण्यात उतरता येत नाही. म्हणून रबरी तळव्याचे, पायाला घट्ट बसणारे पाण्यातील बूट घ्यावेत. ते नसतील तर मागे पट्टा असलेले सँडल चालतील. साधी सपाता लाटेत निघून जाते. चालण्यासाठी एक जोडी हलके बूट आणि खोलीत वावरायला चपला, एवढ्यावर पादत्राणे थांबवावीत.

ऊन: मलमाआधी कापड

पोर्ट ब्लेअर विषुववृत्ताच्या उत्तरेस साडेअकरा अंशांच्या आसपास आहे. सूर्य जवळपास डोक्यावरच असतो, पांढरी वाळू व पाणी त्याचे किरण परत फेकतात आणि वाऱ्यामुळे त्वचा भाजत असल्याचे उमगत नाही. ढग असले तरी अतिनील किरण बऱ्याच प्रमाणात खाली पोचतात. सावळ्या त्वचेला ऊन लागत नाही, हा समज चुकीचा आहे. उशिरा लागते, इतकेच.

सनस्क्रीन विकत घेताना एक साधा हिशेब करावा. एका प्रौढ व्यक्तीच्या सर्वांगाला एका वेळी सुमारे ३० मिली सनस्क्रीन लागते आणि दर दोन तासांनी, तसेच पाण्यातून बाहेर आल्यावर ते पुन्हा लावावे लागते. म्हणजे ५० मिलीची नळी एका माणसाला दोन वेळाही पुरत नाही. चौघांच्या कुटुंबाची तर गोष्टच सोडा. याचा अर्थ दहा नळ्या न्याव्यात असा नाही. अंग कापडाने झाकावे आणि सनस्क्रीन चेहरा, मान, कान, हातांचे तळवे सोडून उरलेला भाग आणि पावलांपुरते ठेवावे. भिजलेला पांढरा सुती टी-शर्ट ऊन फारसे अडवत नाही, हेही ध्यानात ठेवावे. गडद रंगाचा, दाट विणीचा कपडा अधिक उपयोगी पडतो.

एसपीएफ ३० चे सनस्क्रीन उन्हात भाजवणारे सुमारे ९७ टक्के किरण अडवते, तर ५० चे सुमारे ९८ टक्के. फरक थोडा आहे. तेव्हा आकड्यापेक्षा पुरेसे आणि पुन्हा पुन्हा लावणे महत्त्वाचे. ऑक्सिबेन्झोन व ऑक्टिनॉक्सेट ही द्रव्ये प्रवाळांना अपायकारक असल्याच्या कारणावरून हवाई राज्याने ती असलेल्या सनस्क्रीनच्या विक्रीवर जानेवारी २०२१ पासून बंदी घातली. पलाऊ या बेटराष्ट्राने त्याआधी वर्षभर तशीच पावले उचलली होती. प्रवाळ पाहायला जाणाऱ्याने झिंक ऑक्साइडयुक्त सनस्क्रीन निवडणे हा साधा विवेक आहे.

टोपी रुंद काठाची व हनुवटीखाली बांधता येईल अशी असावी, नाहीतर बोटीवर ती पहिल्याच झुळुकीत समुद्रार्पण होते. गॉगल अतिनील किरण रोखणारा असल्याची खात्री करावी आणि त्यालाही दोरी लावावी.

डास आणि वाळूमाशी

बेटांवर मलेरिया व डेंग्यू दोन्ही आढळतात. डेंग्यूचा डास दिवसा चावतो, त्यामुळे केवळ रात्री मच्छरदाणी लावून भागत नाही. डीट किंवा पिकारिडिन हे द्रव्य असलेले मलम वा फवारा घ्यावा. आधी सनस्क्रीन, ते मुरल्यावर डासांचे मलम, हा क्रम पाळावा. किनाऱ्यावर, विशेषतः सकाळी व सांजवेळी, बारीक वाळूमाशा चावतात. त्यांचा चावा डासापेक्षा अधिक खाजतो आणि खाजवला तर चिघळतो. उघड्या वाळूवर आडवे होण्याऐवजी पंचा किंवा चटई अंथरावी आणि कॅलामाइन लोशनची एक बाटली जवळ ठेवावी.

औषधांची पेटी

सामानातील हा सर्वांत महत्त्वाचा भाग. पोर्ट ब्लेअरमध्ये गोविंद वल्लभ पंत रुग्णालय आहे; लहान बेटांवर मात्र प्राथमिक स्वरूपाचीच सोय असते. नेहमीची औषधे सहलीचे दिवस अधिक निदान चार दिवस इतकी न्यावीत. २०१६ सारखी वेळ आलीच तर हीच चार दिवसांची शिल्लक आधार देते. औषधे मूळ वेष्टनात ठेवावीत आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीचे छायाचित्र फोनमध्ये असावे. चिठ्ठीवर औषधाचे मूळ द्रव्याचे नावही लिहून घ्यावे, कारण दूरच्या दुकानात आपल्या सवयीची कंपनी नसते, पण तेच द्रव्य असू शकते.

मधुमेही व्यक्तींनी इन्सुलिन कधीही विमानाच्या पोटात जाणाऱ्या बॅगेत ठेवू नये. ते गोठून निकामी होण्याची शक्यता असते. हातातील पिशवीत, थंड राखणाऱ्या पाकिटात ते न्यावे. बर्फाचा थेट स्पर्शही होऊ देऊ नये.

याखेरीज पेटीत असावे: ताप-अंगदुखीसाठी पॅरासिटामॉल, जुलाबासाठी ओआरएसची पाकिटे, ॲलर्जीची गोळी, जखम धुण्याचे जंतुनाशक, मलम, पट्ट्या, चिकटपट्टी आणि काटा काढायचा छोटा चिमटा. ओआरएसचे मोठे पाकीट एक लिटर पाण्यात विरघळवायचे असते. ग्लासभर पाण्यात नव्हे. प्रवाळाने कापले तर जखम तत्काळ स्वच्छ गोड्या पाण्याने व साबणाने धुवावी, आतील कण काढावेत. अशी जखम वरून किरकोळ दिसली तरी सहज चिघळते. धनुर्वाताची लस केव्हा घेतली, हे निघण्यापूर्वी तपासून घ्यावे.

बोट लागू नये म्हणून

घाटात ज्यांना गाडी लागते, त्यांना बोटही लागण्याची दाट शक्यता असते. यासाठीच्या गोळ्या मळमळ सुरू झाल्यावर उपयोगी पडत नाहीत. त्या बोट सुटण्यापूर्वी अर्धा-पाऊण तास घ्याव्या लागतात आणि त्यांनी झोप येते. मुलांना, गर्भवतींना व अन्य औषधे चालू असलेल्यांना त्या डॉक्टरांना विचारल्यावाचून देऊ नयेत. आलेपाकाच्या वड्या किंवा सुंठ-साखर अनेकांना बरी वाटते. रिकाम्या पोटी किंवा तुडुंब जेवून बोटीवर चढू नये. मध्यभागी बसावे, नजर क्षितिजावर ठेवावी, फोन पाहू नये. दोन-चार कागदी पिशव्या हाताशी असाव्यात. त्यांची गरज शेजाऱ्यालाही पडते.

पाण्याखाली उतरायचे असेल तर

मुखवटा, श्वसननळी, पायातील वल्ही ही साधने भाड्याने मिळतात. त्यांचे ओझे नेऊ नये. ज्यांना चष्मा आहे त्यांनी मात्र नंबरचा मुखवटा मिळतो का, हे आधी विचारून घ्यावे. कॉन्टॅक्ट लेन्स लावून समुद्रात उतरणे डोळ्यांच्या जंतुसंसर्गाच्या दृष्टीने जोखमीचे आहे.

स्कूबा डायव्हिंगपूर्वी प्रकृतीविषयीचा अर्ज भरावा लागतो. दमा, हृदयविकार, फेफरे, कानाचे दुखणे किंवा अलीकडची शस्त्रक्रिया असेल तर आपल्या डॉक्टरांचे लेखी मत घरूनच न्यावे. तेथे ऐनवेळी असा दाखला मिळणे अवघड, आणि आजार लपवून खाली जाणे हा जिवाशी खेळ आहे. डायव्हिंगनंतर लगेच विमानात बसू नये. एकदाच उतरला असाल तर किमान १२ तास आणि अनेकदा उतरला असाल तर किमान १८ तास जाऊ द्यावेत. म्हणून हा कार्यक्रम शेवटच्या दिवशी ठेवू नये.

काही किनाऱ्यांवर व खाड्यांत खाऱ्या पाण्यातील मगरी आहेत. त्यांच्यावर कोणतेही साधन उपयोगी नाही; सूचनाफलक वाचणे आणि जीवरक्षकाचे ऐकणे, एवढाच उपाय आहे.

कागद, पैसा आणि वीज

पोर्ट ब्लेअर, हॅवलॉक व नील येथे जाण्यासाठी भारतीय नागरिकांना परवाना लागत नाही. आदिवासींच्या राखीव क्षेत्रांत मात्र जाता येत नाही. विमान, बोट आणि हॉटेल तिन्ही ठिकाणी छायाचित्र असलेले ओळखपत्र मागतात. मुलांचेही असावे. परदेशी पारपत्र असलेले नातेवाईक बरोबर असतील तर त्यांच्यासाठीचे नियम आधी तपासावेत. हॅवलॉकला स्कूटर भाड्याने घ्यायची असल्यास वाहन परवाना विसरू नये.

चेन्नईपासून समुद्राखालून टाकलेली सुमारे २,३०० किलोमीटरची दूरसंचार केबल ऑगस्ट २०२० मध्ये सुरू झाली आणि बेटांवरील संपर्क पुष्कळ सुधारला. तरीही लहान बेटांवर, विशेषतः वादळी हवेत, नेटवर्क जाते. आणि नेटवर्क गेले की फोनवरून पैसे देणेही थांबते. एटीएम मोजकेच आहेत. तेव्हा दोन-तीन दिवसांच्या खर्चाची रोकड, त्यात लहान नोटा, दोन ठिकाणी विभागून ठेवाव्यात. तिकिटे व हॉटेलचे पत्ते कागदावर छापून घ्यावेत.

पॉवर बँक हातातील पिशवीतच ठेवावी लागते. विमानाच्या पोटात जाणाऱ्या सामानात ती चालत नाही. १०० वॉट-तासांपर्यंतची पॉवर बँक नेता येते, म्हणजे नेहमीची २०,००० एमएएच क्षमतेची चालते. आगपेटी मात्र कोणत्याच बॅगेत नको.

विजेरी अवश्य घ्यावी. अंदमान मुंबईच्या पूर्वेस सुमारे २० रेखांश आहे, पण घड्याळ एकच. त्यामुळे सूर्य मुंबईपेक्षा तासाभराहून अधिक आधी उगवतो व मावळतो. डिसेंबरात संध्याकाळी पाचच्या सुमारास सूर्यास्त होतो आणि सहाला मिट्ट काळोख असतो. किनाऱ्यावरून परतताना फोनच्या उजेडावर विसंबून त्याची बॅटरी संपवू नये.

मुले, ज्येष्ठ आणि खाऊ

लहान मुलांसाठी त्यांच्या मापाचे जीवरक्षक जाकीट सर्वत्र मिळतेच असे नाही. बोटीवर बसण्यापूर्वी ते मागून पाहावे, आणि मूल फारच लहान असेल तर घरूनच न्यावे. ज्येष्ठांसाठी घडीची काठी उपयोगी पडते, कारण धक्क्याच्या पायऱ्या शेवाळाने निसरड्या असतात.

खाऊ थोडाच, पण बोटीच्या खोळंब्यात पोटाला आधार देईल असा घ्यावा. भडंग, राजगिऱ्याचे लाडू, गूळपोळी, सुका मेवा, मेतकुटाची पुडी. लोणच्याची बरणी घट्ट बांधून मोठ्या बॅगेत ठेवावी. बेटांवर मासे, भात, डाळ, दक्षिणी व बंगाली पदार्थ उत्तम मिळतात. आठवड्याची शिधासामग्री नेण्याचे कारण नाही. पाण्याची बाटली मात्र प्रत्येकाची स्वतःची, पुन्हा भरता येणारी असावी. वंडूरजवळच्या महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यानात बेटावर प्लॅस्टिक नेऊ देत नाहीत.

काय नेऊ नये, काय आणू नये

ड्रोन व सॅटेलाइट फोन पूर्वपरवानगीशिवाय नेऊ नयेत. संरक्षणदृष्ट्या हा प्रदेश संवेदनशील आहे.

बारातांगकडे जाणारा रस्ता जारवा आदिवासींच्या राखीव क्षेत्रातून जातो. तेथे वाहने ताफ्याने जातात. थांबणे, छायाचित्रे काढणे, खाद्यपदार्थ देणे यांस कायद्याने मनाई आहे. 'वाटेत मुलांना द्यायला' म्हणून बिस्किटांचे पुडे घेणारे पर्यटक आढळतात. हेतू कितीही चांगला असो, ते पुडे बॅगेत घालूच नयेत. बाहेरच्या संपर्कातून पोचणाऱ्या साध्या आजारांनीही अशा समाजांचे मोठे नुकसान होते.

परतताना वाळूत सापडलेले प्रवाळ व शंख-शिंपले बॅगेत भरण्याचा मोह होतो. प्रवाळ आणि शंखांच्या अनेक जाती १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित आहेत. विमानतळावरील तपासणीत ते सापडतात, जप्त होतात आणि प्रसंगी कारवाईही होते. कायदा बाजूला ठेवला तरी, २०१० साली समुद्र तापल्यामुळे अंदमानातील प्रवाळ मोठ्या प्रमाणावर पांढरे पडले होते, हे आठवावे. लाटेने फुटलेला तुकडाही तेथे निरुपयोगी नसतो. त्याची वाळू होते आणि त्यावर नवे जीव वस्ती करतात. आठवण म्हणून छायाचित्र पुरेसे आहे.

जाताना बॅगेत थोडी जागा मोकळी ठेवावी, ती आपला कचरा परत आणण्यासाठी. रिकाम्या नळ्या, संपलेल्या बॅटऱ्या, वेष्टने यांची विल्हेवाट लावणे लहान बेटाला जड जाते. शहराला ते तुलनेने सोपे आहे.

निघण्यापूर्वीची उजळणी

हातातील पिशवीत: ओळखपत्रे, छापील तिकिटे, रोकड, सर्व औषधे, चष्म्याची दुसरी जोडी, पॉवर बँक, एक जोडी कपडे, पोहण्याचा पोशाख.

मोठ्या बॅगेत: चार-पाच हलके पोशाख, पंचा, रेनकोट, पाण्यातील बूट, टोपी, सनस्क्रीन, डासांचे मलम, कॅलामाइन, विजेरी, दोरी-चिमटे, ड्राय बॅग, थोडा खाऊ.

घरीच ठेवावे: जीन्स, जड टॉवेल, दागिने, उंच टाचांची पादत्राणे, ड्रोन, आगपेटी.

तेथेच ठेवावे: प्रवाळ, शंख, शिंपले.

बॅग भरून झाली की ती स्वतः उचलून जिन्याचे दोन मजले चढून पाहावे. दम लागला तर दोन वस्तू काढाव्यात; मात्र औषधांच्या पेटीला हात लावू नये.